तलावाचं पाणी उतरू द्या

माननीय अध्यक्ष,
जिल्हा परिषद, भंडारा
यांस,



मी लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचा, धानाची शेती करणारा माणूस. आपल्या ताब्यात असलेल्या माजी मालगुजारी तलावांबद्दल, म्हणजे आपण सगळे ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो त्यांच्याबद्दल, हे पत्र लिहितो आहे. उघडपणे लिहितो आहे, कारण हा विषय माझ्या एकट्याचा नाही आणि आपल्या एकट्या कार्यालयाचाही नाही.

सध्या जिल्ह्यात जलपर्यटनाची हवा आहे. गोसीखुर्दच्या फुगवट्यात बोटी फिरवण्याच्या योजना आहेत, आंभोऱ्याचा नवा पूल बघायला नागपूरहून गाड्या येतात, आणि ते पाहून गावोगावी तलावांच्या ‘सौंदर्यीकरणा’ची मागणी होऊ लागली आहे. पाळीवर पेव्हर ब्लॉक, बाकं, रेलिंग, रंगीत दिवे, एखादी पॅडल बोट, शेजारी चहा-भज्यांची दुकानं. गावातल्या लोकांनी संध्याकाळी तलावावर जाऊन बसावं, मुलांनी पाण्यावर खेळावं, दोन पैसे गावात यावेत, ही इच्छा मला चुकीची वाटत नाही. माझा आक्षेप आराखड्यातल्या चित्राला आहे. त्या चित्रात तलाव बारा महिने काठोकाठ भरलेला असतो. आमचा तलाव पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत उतरतो. त्याचं उतरणं थांबवून केलेलं पर्यटन तलाव मारून टाकील, एवढंच मला सांगायचं आहे. पण ते नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो, सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास. पण पडतो तो चार महिन्यांत, आणि खाली कठीण, फार जुना खडक. पाणी जमिनीत मुरून साठून राहावं अशी इथली भूमी नाही. वर धानासारखं पीक, ज्याला रोवणीच्या वेळी बांधीत पाणी उभं हवं आणि निसवताना पुन्हा हवं. ऐन निसवणीत पावसानं पंधरा दिवस दडी मारली तर वर्ष गेलं. या अडचणीवर उत्तर शोधलं ते कोहळी समाजानं. चढउताराच्या जमिनीत दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घालायची, वरून येणारं पाणी अडवायचं, भरून उरलेलं सांडव्यावरून, आमच्याकडच्या बोलीत सलांगेवरून, खालच्या तलावात सोडायचं. एकाखाली एक तलाव. वरच्याचं वाया गेलेलं पाणी खालच्याची भर.

रॉबर्ट व्हेन रसेल यांनी १९०८ मध्ये भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर लिहिलं आणि १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा मोठा ग्रंथ काढला. कोहळ्यांना चांद्याच्या गोंड राजानं बनारसहून आणलं, अशी परंपरा त्यांनी नोंदवली आहे. परंपरा खरी की खोटी हे इतिहासकार ठरवोत. गोंड राजांचं धोरण मात्र ठळक होतं: जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन. चंद्रपूरकडे अशा वतनाला तुकूम म्हणत आणि तिथल्या गावांच्या नावांत तो शब्द आजही आहे. सरकारी तिजोरीतून एक पैसा न घालता हजारो तलाव उभे राहिले ते या एका नियमामुळे. ज्याची जमीन भिजणार, त्यालाच पाळ फुटू न देण्याची काळजी. आज पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांच्या वर तलाव मोजले जातात.

यातला सर्वांत थोर तलाव आपल्याला माहीत आहेच, नवेगावबांध. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला असं मानतात. डोंगरांच्या मधल्या फटी पाळी घालून बुजवल्या आणि मधे एवढा पाण्याचा विस्तार उभा केला की आज पाहणाऱ्याला तो निसर्गानंच केलेला वाटतो. कोलू पाटलाला लोकांनी देव केलं. कोलासूर म्हणून त्याची पूजा होते. तलाव बांधणाऱ्या माणसाला देवपण देणारा हा मुलूख आहे, अध्यक्ष महोदय. पुढे त्याच नवेगावात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले आणि तिथल्या पाण्यावर, पाखरांवर, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसांवर त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. महाराष्ट्रभरातला वाचक आमच्या भागात येऊ लागला तो त्या लिखाणामुळे. पर्यटनाची जाहिरात म्हणून ते लिहिलेलं नव्हतं, तरी त्याच्याएवढं काम कोणत्याही जाहिरातीनं केलेलं नाही.

आता तलाव चालतो कसा हे सांगतो, कारण सौंदर्यीकरणाच्या अंदाजपत्रकात नेमकं हेच गळतं. जुन्या तलावाच्या पाळीत तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, असतं. आतल्या बाजूनं उतरत्या पायऱ्या, पायऱ्यांना भोकं, भोकांत गुडदे, म्हणजे बुचं. आधी वरचं भोक उघडायचं, पाणी खाली गेलं की त्याखालचं, असं पायरीपायरीनं. म्हणजे बांधणाऱ्यानं सुरुवातीपासूनच धरलं होतं की हे पाणी उतरत जाणार आहे. पाणी उतरलं की उथळ काठ उघडा पडतो. तिथे गवत येतं, जनावरं चरतात, ओलीवर गाळपेर होते. उन्हात तापलेल्या, भेगाळलेल्या त्या तळातच पुढच्या पावसात पाणवनस्पती उगवतात आणि त्यांच्यात मासे अंडी घालतात. हिवाळ्यात बदकं येतात ती उथळ पाण्यासाठी. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि भंडाऱ्यात. त्याच्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घ्यावी लागली. तो सारस धानाच्या बांध्यांवर आणि अशा उथळ, गवताळ काठांवरच जगतो. काठ उभा दगडी केला, पाण्याची पातळी एका रेघेवर धरून ठेवली, की हे सगळं एकाच वेळी संपतं. उरतं ते पाण्याचं टाकं.

आणि त्या पाण्याखाली कोण आहे? पाळीखालच्या बांध्या आहेत, पाळीखालच्या विहिरी आहेत. खडकाळ जमिनीत गावाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं ते बहुतेक वरच्या तलावातून झिरपलेलं. गावाची पिण्याची योजना कागदावर वेगळ्या खात्यात असेल, पण जमिनीखाली ती तलावालाच जोडलेली आहे.

आता करमणुकीचं. तलाव ही आमच्या करमणुकीची जागा आजची नाही. पोळ्याला बैल तिथेच धुतले जातात आणि त्या दिवशी अर्धं गाव पाण्यात असतं. राखीनंतर उगवलेल्या धान्याच्या भुजल्या घेऊन बायका गाणी म्हणत तलावावरच जातात. गौरी-गणपतीचं विसर्जन तिथे. पोरं पोहायला शिकतात ती पाळीवरून उड्या मारत, गरी टाकून बसायला शिकतात ती तिथेच, शिंगाड्याच्या वेलाला हात घालून मासेमार ढिवरांच्या शिव्या खातात तीही तिथेच. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आलेला पाहुणा सकाळी पाळीवर फिरून येतो. या सगळ्याला तिकीट नव्हतं, पण नियम होते: बायकांचा घाट कोणता, जनावरांचा कोणता, पाणी भरायचं कुठून, विणीच्या दिवसांत जाळं कुठे टाकायचं नाही. करमणूक होती आणि ती तलावाच्या चढउताराशी बांधलेली होती. भुजल्या भरल्या तलावात शिरतात, गाळपेरीच्या काठावर पोरं उन्हाळ्यात क्रिकेट खेळतात. दोन्ही त्याच तलावाचे ऋतू आहेत.

मग तलाव बिघडले कधी? मालगुजारी, म्हणजे गाव आणि गावचा तलाव मालगुजाराच्या ताब्यात असण्याची पद्धत, गेली, चांगलं झालं. त्या पद्धतीतली जुलूमशाही कोणाला परत नको. मध्य प्रदेश सरकारचा १९५० चा कायदा आला, ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले, आणि त्यांच्यासोबत तलावही. पण तलावाबरोबर पाळ दुरुस्त करणारा हात मात्र सरकारकडे आला नाही. लोकांचे निस्ताराचे, म्हणजे सामाईक वापराचे, हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या रिवाजांच्या नोंदीत लिहिलेले राहिले; पाण्याच्या पट्टीवरून सरकार आणि शेतकरी यांच्यात तंटे झाले; भंडारा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला; पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव आपल्याकडे आले. दरम्यान गाळ साचत गेला, काठांवर बेशरमाची झुडपं पसरली, सलांगेच्या वाटेवर घरं झाली, तलावाच्या पोटात धान लागलं. इटियाडोहसारखी मोठी धरणं झाल्यावर तर लहान तलाव म्हणजे मागच्या काळातली गोष्ट असंच वाटू लागलं. ३०० दशलक्ष घनमीटरांहून जास्त पाणी धरणाऱ्या धरणाचा कालवा गावाजवळून जात असताना पाळीवरचं झुडूप कोण काढणार? मला या दुर्लक्षाचा राग आहे, पण तो कोणा एका अधिकाऱ्यावर नाही. सत्तर वर्षं एकामागून एक सगळ्यांनीच पाठ फिरवली, त्यात आम्ही गावकरीही आलो.

याच इटियाडोहची एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून कोसळू लागलं की गोठणगावच्या बाजूला माणसांची रीघ लागते. आमच्या भागातलं सर्वांत मोठं जलपर्यटन हेच आहे आणि ते कोणत्याही आराखड्यात नव्हतं. लोकांना धरण भरलेलं पाहायला आवडतं, कारण ते भरणं दर वर्षी ठरलेलं नसतं. बारा महिने सारखाच भरलेला तलाव पाहायला कोण दुरून येईल?

सांडव्याचा विषय निघालाच आहे तर नागपूरचंही बोलू. अंबाझरीचा तलाव १८७० च्या सुमारास नागपूर शहराला पिण्याचं पाणी देण्यासाठी बांधला गेला. शहर वाढलं, पाणी दुसरीकडून येऊ लागलं, अंबाझरी फिरण्याबसण्याची जागा झाली. उद्यान झालं, बोटी आल्या, सांडव्यासमोर स्मारक उभं राहिलं. धरण म्हणून त्याच्याकडे पाहणारं कोणी राहिलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, तलाव सांडव्यावरून उसळला, नाग नदी लोकांच्या घरांत शिरली, माणसं गेली, हजारो घरांत चिखल झाला. पाण्याच्या वाटेतल्या त्या बांधकामाचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. करमणुकीची जागा झालेलं धरण हे तरीही धरणच असतं, त्याचं पाणी मोकळं जायलाच हवं. हा धडा आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर, इतक्या अलीकडे मिळालेला असताना आमच्या गावच्या सलांगेसमोर सेल्फी पॉइंट होऊ नये, ही विनंती मी हात जोडून करतो.

पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर करमणूक होऊच नये असं मात्र मी म्हणत नाही. न्यूयॉर्क शहर कॅटस्किल डोंगरांतल्या जलाशयांचं पाणी पितं आणि त्याच जलाशयांवर लोकांना परवाना काढून मासेमारी आणि वल्ह्याच्या बोटी चालवता येतात. इंजिनाची बोट नाही, पोहणं नाही, आणि पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक बोट वाफेनं धुतली जाते, म्हणजे बाहेरचा शिंपला किंवा रोगजंतू आत येऊ नये. पाणी आधी, मौज नंतर, आणि दोन्ही चालू. एवढ्या श्रीमंत शहराला ही शिस्त परवडते तर आपल्याला का परवडू नये? आपल्याकडे उलट, बाहेरून आणलेलं टिलापियासारखं मत्स्यबीज आणि जलपर्णी कशातून येते हे विचारायलाही कोणी नाही.

आणि विचारायला कायदाही फारसा मदतीला येत नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळलेले आहेत. म्हणजे कोहळ्यांनी तलाव धानासाठी बांधला, हाच त्याचा गुन्हा ठरला. निसर्गतः झालेला असता तर त्याला संरक्षण मिळू शकलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक तलावांवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले, तो आधार आहे. पण रोजच्या रोज तलावाकडे लक्ष ठेवणारा पहारेकरी एकच उरतो, तो म्हणजे ग्रामपंचायत आणि तिच्या मागे आपली जिल्हा परिषद. म्हणून पत्र मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहिलं.

पैसा नाही असं आपण म्हणू शकणार नाही. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे. एप्रिल २०२२ मध्ये अमृत सरोवर अभियान आलं, जिल्ह्याला ७५ तलाव. त्या अभियानात ध्वजस्तंभ, वृक्षारोपण आणि बसण्याची जागा यांना जागा मिळाली; तुडुमाला किती ठिकाणी मिळाली, हे आपल्याच अभियंत्यांकडून मागवून घ्यावं. माझी मागणी सोपी आहे. तलावावर येणारा पहिला रुपया पाळ, तुडुम आणि सलांग यांवर खर्च व्हावा. ते नीट झाल्याचं पाण्याखालच्या शेतकऱ्यांनी लिहून दिल्याशिवाय बाकावरचा आणि दिव्यावरचा रुपया सुटू नये. गाळ काढताना तळ यंत्रानं खरवडून सपाट करू नये. काठाचा उतार, उथळ भाग, खोल डोह जसे आहेत तसे ठेवावेत. पाळीच्या आतल्या काठाला कुठेही उभी भिंत नको. घाट हवा तर पायऱ्यांचा हवा, पाणी उतरेल तसतसं खाली जाता येईल असा.

बोटींचं वेगळं बोलायला हवं. पाण्यावर ज्याचा हात आहे तो ढिवर. डोंगा चालवणं, जाळं विणणं, कोणत्या महिन्यात कोणता मासा कुठे असतो, कोणतं शेवाळ माशाच्या पिल्लांना लपायला लागतं, हे त्याला माहीत आहे. अर्जुनी मोरगावच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांच्या सहकारी संस्थांना सोबत घेऊन हेच ज्ञान वापरलं: तलावातली बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि हरवलेले देशी मासे आणि पाखरं परत येऊ लागली. हे काम शेजारच्या तालुक्यात उघड्यावर झालेलं आहे, पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात बघण्यासारखं जलपर्यटन खरं तर तेच आहे. हिवाळ्याच्या सकाळी ढिवराच्या डोंग्यातून उथळ पाण्यात पाखरं बघायची, शिंगाडे काढताना बघायचं, तुडुम कसं उघडतात ते बघायचं, कोलू पाटलाची कथा पाळीवर बसून ऐकायची, दुपारी मासोळी-भात. यासाठी इंजिन लागत नाही, भिंत लागत नाही, पाणी अडवून धरावं लागत नाही. पैसे ढिवरांच्या संस्थेला मिळतील आणि संस्थेला तलाव जिवंत ठेवण्यात रस राहील. तोच तुकुमाचा जुना हिशेब, फक्त जमिनीच्या जागी बोटीचं भाडं.

याउलट बाहेरच्या ठेकेदाराला वर्षाच्या करारानं बोटी दिल्या तर काय होईल, हे आधीच पाहून ठेवावं. सप्टेंबरअखेर पावसानं ओढ दिली, धान निसवायला आलं, शेतकरी तुडुम उघडायला आला, तर ठेकेदार म्हणेल, पातळी खाली गेली तर माझी जेटी चिखलात. त्याच्या हातात करारनामा असेल आणि शेतकऱ्याच्या हातात वाजिब-उल-अर्जची जीर्ण नक्कल. तो वाद पाळीवर उभं राहून सोडवायची वेळ येऊ देऊ नका. कुठलाही करार करण्यापूर्वी त्यात पहिलंच कलम असं घाला की, पिण्याचं पाणी आणि धानाचं पाणी सोडताना पातळी कितीही खाली गेली तरी ठेकेदाराला भरपाई मागता येणार नाही. आणि तो करार ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

एक शेवटचं. आपले अभियंते तलावाची पाहणी बहुधा पावसाळ्यानंतर करतात, तेव्हा पाणी डोळे दिपवतं आणि आराखडा त्या पाण्यावर बेतला जातो. यंदा ती पाहणी मे महिन्यात ठेवा. तेव्हा पाळीची खचलेली जागा दिसते, तुडुमाची कोणती पायरी फुटली ते दिसतं, अतिक्रमणाची हद्द दिसते, गाळपेर कुठपर्यंत जाते ते दिसतं. सोबत ढिवरांच्या संस्थेचे दोघे आणि पाळीखालचे चार शेतकरी घ्या. आपण स्वतः येणार असाल तर सकाळी सात वाजता या. नऊनंतर तळात उभं राहवत नाही. चहाची सोय गावात होईल.

आपला,
दिघोरी (ता. लाखांदूर, जि. भंडारा) येथील एक शेतकरी